बर्मिंगहॅम, वरळी, भोईवाडा

२९ जून २०२५, रविवार

संध्याकाळी बातमी आली, सरकारनं शाळेतल्या हिंदीचे दोन्ही जीआर मागे घेतले. सोळा एप्रिलचाही आणि सतरा जूनचाही. तिसरी भाषा कितवीपासून आणि कशी, ते आता नरेंद्र जाधवांची समिती ठरवणार. नाक्यावर लगेच फटाके. पाच तारखेला दोन्ही ठाकरेंचा एकत्र मोर्चा निघायचा होता, त्याचा आता विजयी मेळावा होणार म्हणे. वरळीच्या डोममध्ये.

दुसरी बातमी भोईवाड्यात फक्त माझ्या कामाची. काल बर्मिंगहॅम शहरानं ब्लॅक सबाथ या बँडच्या चौघांना ‘फ्रीडम ऑफ द सिटी’ हा मान दिला. ओझी ऑस्बर्न, टोनी आयॉमी, गीझर बटलर, बिल वॉर्ड. चौघं ॲस्टन भागातले, कारखान्यांच्या वस्तीतले. ओझीचे वडील रात्रपाळीला, आई कारखान्यात, आई-बाप आणि सहा पोरं दोन बेडरूमच्या घरात. तो स्वतः कत्तलखान्यात राबलेला, मोटारींचे हॉर्न जुळवायच्या कामावरही होता. अशा माणसाला शहरानं बोलावून मान दिला.

आमच्या परळ-लालबागनं आपल्या कुणाला असं बोलावलंय? काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये गिरण्यांचं संग्रहालय होणार, हे किती वर्षं ऐकतोय. बाबा ऐंशीला टेकले. त्यांची पिढी असेपर्यंत ते पुरं व्हावं, एवढं मागणं फार नाही.

२ जुलै, बुधवार

दुपारी कॅज्युअल्टीतून एक पोरगा आला. वीस-बावीस वर्षांचा, पत्र्याचे डबे करणाऱ्या एका छोट्या कारखान्यातला. प्रेसमध्ये हात सापडला. उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका. एक्स-रे खात्यात इतकी वर्षं काढली तरी पट्टी सोडताना माझाच श्वास अडकतो. हात प्लेटवर पालथा ठेवला, बोटं जमतील तेवढी फाकवून घेतली, ‘हलू नकोस रे बाळा’ म्हटलं आणि आड येऊन बटण दाबलं. शेवटच्या पेराचं हाड पडद्यावर कसं दिसतं ते डोळे मिटून सांगता येईल मला: मध्ये बारीक, टोकाला जरा पसरलेलं. याच्या मधल्या बोटाला ते टोक नव्हतंच. अनामिकेचं होतं, पण तुकड्यांत.

हीच दोन बोटं. हाच उजवा हात. १९६५ साली बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांच्या टोनी आयॉमीच्या याच दोन बोटांची टोकं गेली. त्याचं काम वेल्डिंगचं. त्या दिवशी प्रेसवाली बाई आली नव्हती म्हणून त्याला तिच्या मशीनवर उभं केलं. आमच्या गिरणीच्या भाषेत तो त्या दिवशी बदली. नोकरीचा शेवटचा दिवस होता, दुपारनंतर जायचंच नाही असं त्याच्या मनात होतं, पण आईनं सांगितलं, पुरा दिवस भर आणि मगच सोड. डावखुरा असल्यामुळे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका उजवा. डॉक्टरांनी वादन विसरायला सांगितलं.

मग कारखान्याच्याच साहेबानं त्याला जँगो राइनहार्टची तबकडी आणून ऐकवली. जिप्सी वादक, गाडीला लागलेल्या आगीत हात भाजला, दोन बोटं निकामी झाली, तरी युरोप गाजवलं. आयॉमीनं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर जुन्या जाकिटाचं चामडं डकवलं. जाड तारा दाबल्या की दुखायचं, म्हणून बेंजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे तारा सैल सोडून सूर खाली उतरवला. जगात ज्याला हेवी मेटल म्हणतात त्याचा तो जड, खालचा, पोटात उतरणारा आवाज असा तुटलेल्या बोटांतून आला. या संगीताला सैतानी म्हणणाऱ्यांनी हा एक्स-रे बघावा.

पोरानं विचारलं, “साहेब, कामावर कधी जाता येईल?” म्हटलं, डॉक्टर सांगतील. आयॉमी ओठांवर आला होता, पण त्याला गिटार नको होती, हजेरी हवी होती.

३ जुलै, गुरुवार

गिल २६९! एजबॅस्टनला, आठ तासांवर उभा राहून. कर्णधार म्हणून दुसरीच कसोटी. इंग्लंडमधली भारतीयाची सर्वांत मोठी खेळी आजवर गावसकरची होती, ओव्हलची २२१, १९७९ ची. तेव्हा ४३८ हवे होते आणि आपण ४२९ वर थांबलो. बाबांच्या पिढीला ते नऊ रन अजून खुपतात.

बाबांना कागदावर आकडा लिहून दाखवला. त्यांना अर्धंअधिक ऐकू येत नाही, साचेखात्यानं कान नेले. “सुनीलचा मोडला?” म्हणाले. मग थोड्या वेळानं, “मोडायलाच हवा होता. पण ते चारशे अडतीस निराळे.” निराळेच. चौथ्या डावातले होते. आज मात्र गिलचं कौतुक करायचं, तुलना उद्या.

५ जुलै, शनिवार

असा दिवस माझ्या आयुष्यात पुन्हा यायचा नाही.

सकाळी वरळी. एल्फिन्स्टनच्या पुलावरून चालत गेलो. तो आज-उद्या पाडायला काढतील, लोकांनी एप्रिलमध्ये अडवून धरला म्हणून अजून उभा आहे. डोममध्ये शिरणं अशक्य, बाहेर पडद्यासमोर उभा राहिलो. पक्षाचा झेंडा एकही नाही. हे मला आतून आवडलं. दोघं भाऊ व्यासपीठावर आले, मिठी मारली, आणि माझ्या शेजारचे पांढऱ्या मिशांचे काका, काळाचौकीचे, सरळ रडायला लागले. राज बोलले, मग उद्धव बोलले. जे बाळासाहेबांना जमलं नाही ते फडणवीसांनी केलं, आम्हा दोघांना एकत्र आणलं, असं राज म्हणाले तेव्हा वरळी दणाणली.

२००५ च्या अखेरीस राज शिवसेनेतून बाहेर पडले. वीस वर्षं. या वीस वर्षांत आमच्या चाळीत एकाच घरातले दोन भाऊ दोन गणपती मंडळांत गेले, एकमेकांच्या पोरांच्या लग्नात जेवायला बसले नाहीत. हे वरच्यांना कळत नाही. ते वरून भांडतात आणि खाली न्हाणीघराच्या रांगेत बोलणं बंद होतं. आज चाळीतल्या त्या दोघांतला थोरला खाली उतरून धाकट्याच्या दाराशी गेला आणि म्हणाला, “चल, येतोस काय वरळीला?” मेळाव्यातलं कुठलंही भाषण मला याच्यापुढे लहान वाटतं.

आणि बर्मिंगहॅम! एकाच शहरात, एकाच दिवशी, इकडे एजबॅस्टनला गिलचं दुसऱ्या डावात शतक (१६१ केले, मॅचचे ४३०), तिकडे व्हिला पार्कवर ब्लॅक सबाथचा शेवटचा कार्यक्रम. सबाथचे मूळचे चौघं शेवटचे एकत्र वाजले तेही २००५ साली. वरळीतही वीस वर्षं, ॲस्टनमध्येही वीस वर्षं. फॅन माणसानं एका दिवसात किती सोसायचं!

रूट संध्याकाळी आकाश दीपच्या ज्या चेंडूवर उडाला तो पुन्हा पुन्हा बघितला. क्रीजच्या कडेनं टाकलेला, आत येतो येतो म्हणताना सरळ राहून यष्टी घेऊन गेलेला. आता जागरण. प्रक्षेपण दोन तास उशिरानं दाखवतायत, म्हणजे ओझीला बघायला पहाट होणार.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

झोप नाही, पण लिहून काढतो.

मेटॅलिका, गन्स एन’ रोझेस, स्लेअर, टूल, पँटेरा, सगळे येऊन सबाथची गाणी वाजवून गेले. वारीत मोठेमोठे महाराजही साध्या वारकऱ्याच्या पाया पडतात, तसं दिसत होतं ते. मिळालेला पैसा पार्किन्सन्सच्या संस्थेला, बर्मिंगहॅमच्या मुलांच्या इस्पितळाला आणि मुलांच्याच एका हॉस्पिसला. आमच्याकडे परळला वाडिया इस्पितळात पोरांना घेऊन गावोगावचे आई-बाप येतात, त्यामुळे हे ऐकून बरं वाटलं. गिटारवाल्यांचा पैसा योग्य दारी गेला.

मग जमिनीतून एक काळं सिंहासन वर आलं आणि त्यात ओझी. उभं राहता येत नाही. पार्किन्सन्स. हात थरथरतात, डोळे मात्र तेच, वेडे आणि प्रेमळ. उठायची धडपड करायचा, खुर्ची धरून ठेवायची. आवाज मधूनच फाटला, मधूनच असा लागला की १९७० आठवावं. याच व्हिला पार्कच्या आसपास लहानपणी तो मॅचला आलेल्या लोकांच्या गाड्या राखून चिल्लर कमवायचा. शेवटी चौघं मिळून चारच गाणी. बिल वॉर्ड मध्येच शर्ट काढून वाजवत होता, सत्त्याहत्तराव्या वर्षी. ‘वॉर पिग्ज’ सुरू झालं आणि मी उठून उभा राहिलो, खोलीत, एकटा, दिवा न लावता. गरिबांच्या पोरांना लढाईवर पाठवून आपण लपून बसणाऱ्या सेनापतींवर लिहिलेलं गाणं. पंचावन्न वर्षं झाली तरी त्याचं काम संपलेलं नाही.

बाबा पाचला उठले. हेडफोन काढला, स्पीकर त्यांच्या कॉटला टेकवून लावला, आवाज बेताचाच. त्यांनी तळहात लाकडावर ठेवला. मला वाटलं आता म्हणतील, साच्यासारखं वाजतंय. ते म्हणाले, “याचा ठोका पुढेमागे होतो. साचा असा चालला तर जॉबर आईमाई काढेल.”

अचूक! बिल वॉर्ड वाढला जाझवर, जीन क्रूपाच्या ढोलांवर. तो ठोका ताणतो, मागे रेलतो, मग एकदम पुढे येतो. म्हणून तर सबाथला डुलता येतं आणि त्यांची नक्कल करणाऱ्या शेकडो बँडना येत नाही. कान गेलेल्या साचेवाल्यानं हे हातानं ओळखलं. समीक्षकांनी पुस्तकं लिहिली यावर.

सकाळी वडाळ्याला विठोबाच्या दर्शनाला. रांग नेहमीप्रमाणे लांब. टाळ-मृदंगाच्या नादात डोक्यात अजून आयॉमी वाजत होता आणि दोघांचं अजिबात भांडण नव्हतं.

७ जुलै, सोमवार

काल रात्री जिंकलो. ३३६ धावांनी. एजबॅस्टनला आधी आठ कसोट्या खेळलो होतो, सात हरलो, एक कशीबशी सुटली. आकाश दीप दहा बळी. बुमराहला विश्रांती दिली म्हणून आत आलेला. बदलीनं पाळी मारून नेली!

सामना संपल्यावर तो म्हणाला की हे सगळं बहिणीसाठी. तिला कर्करोग आहे, दोन महिन्यांपूर्वी कळलं. हातात चेंडू घेतला की तिचा चेहरा समोर यायचा म्हणे.

आज सकाळी ड्यूटीला जाताना टाटाच्या बाजूनं गेलो. फुटपाथवर नेहमीची माणसं. बिहारची, बंगालची, मराठवाड्याची. फाइल पिशवीत, पिशवी उशाला. तोंडाला मास्क, डोक्याला फडकं. १९४१ पासून हे इस्पितळ इथे आहे आणि तेव्हापासून देशभरातलं दुखणं आमच्या गल्लीवरून जातं. एका बाईच्या शेजारी पंधरा-सोळाचा मुलगा मोबाइलवर आकाश दीपचं तेच बोलणं ऐकत होता आणि आईला भोजपुरीत समजावत होता. आकाश दीप सासारामचा, त्यांच्याकडचाच. ती बाई फोनच्या पडद्याला हात लावून कपाळाला लावत होती.

हिंदी सक्तीची नको म्हणून मी परवा वरळीत घसा बसवला आणि पुन्हाही बसवीन. पण ही माणसं माझी पाहुणी आहेत. त्यांना पाणी देताना, वॉर्ड कुठे ते सांगताना मी त्यांच्याशी हिंदीत बोलतो आणि बोलत राहणार. या दोन गोष्टींत ज्यांना विरोध दिसतो त्यांनी आठ दिवस परळच्या इस्पितळांच्या दारात उभं राहावं.

९ जुलै, बुधवार

आझाद मैदानात गिरणी कामगारांचा मोर्चा. बाबांना टॅक्सीनं घेऊन गेलो. म्हातारे, काठ्या, नातवांचे खांदे. मागणी एकच, मुंबईत घर. शेलू-वांगणीला नको. दीड लाखाच्या वर अर्ज आहेत, घरं मिळाली ती मूठभर.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख माणसं. दत्ता सामंत म्हणाले तसे बाहेर आले आणि आत कधी गेलेच नाहीत. संप मागे घेतला असं कुणी कधी जाहीर केलं नाही, त्यामुळे बाबांच्या हिशोबी ते अजून संपावर आहेत. हे ते गंभीरपणे सांगतात आणि मी गंभीरपणे ऐकतो. नायगावच्या स्प्रिंग मिलच्या जागेवर आता जे मनोरे उभे आहेत त्यांचे वरचे मजले आमच्या गॅलरीतून मान वर केली तरी पुरते दिसत नाहीत.

उद्धव ठाकरे मैदानात आले, पाठिंबा दिला. चांगलं केलं. पण वरळीचा मेळावा शनिवारी झाला तेव्हा आत किती गिरणी कामगार होते? मराठीचा विजय म्हणजे पाटीवरची मराठी तर खरीच, पण परळच्या माणसाचं घर परळला राहणं हीच मराठी टिकवायची पहिली तजवीज. पोरं वांगणीला गेली की त्यांची शाळा, त्यांचं मंडळ, त्यांचं मैदान सगळं सुटतं. दोन्ही भावांनी महापालिकेच्या निवडणुकीआधी हे एकत्र येऊन कागदावर लिहून द्यावं. २०२२ च्या मार्चपासून मुंबईला नगरसेवक नाही, प्रशासक कारभार बघतोय. गटाराचं झाकण फुटलं तर सांगायचं कुणाला?

बाबा परतताना खूश. जुने दोघे भेटले. दोघांनाही ऐकू येत नाही. तिघं गिरणीतल्यासारखे हातवाऱ्यांनी आणि ओठांवरून बोलत होते. तिकडे लाउडस्पीकरवर भाषण चाललेलं, आणि अख्ख्या मैदानात एकमेकांचं नीट समजत होतं ते या तिघांनाच.

११ जुलै, शुक्रवार

जनसुरक्षा विधेयक काल विधानसभेत मंजूर, आज परिषदेत. विधानसभेत उघड विरोध करणारे एकटे विनोद निकोले, डहाणूचे माकपचे आमदार. एकच लाल माणूस.

परळनंही १९६७ साली लाल बावट्याच्या कृष्णा देसाईंना आमदार केलं होतं. ५ जून १९७० ला लालबागला त्यांचा खून झाला. ऑक्टोबरात पोटनिवडणूक झाली, त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई उभ्या राहिल्या आणि १,६७९ मतांनी हरल्या. वामनराव महाडिक निवडून आले, शिवसेनेचे पहिले आमदार. गिरणगावची दिशा त्या पावणेसतराशे मतांनी बदलली असं मी मानतो. आमच्या घरात ही दोन्ही मतं होती. आजोबांचं एक, काकांचं दुसरं.

त्या दोन घटनांच्या मध्ये, सप्टेंबरात, तिकडे सबाथची ‘पॅरानॉइड’ आली. ॲस्टनच्या पोरांनी रागाचं गाणं केलं, आमच्या पोरांनी रागाचं काय केलं ते परळला माहीत आहे.

विधेयकाचं म्हणाल तर मला भीती वाटते. ‘बेकायदेशीर कृत्य’ या शब्दांत उद्या काय बसवतील? परवाचे ते काठीवाले म्हातारे बसतील का? सरकार म्हणतं, बसणार नाहीत. लेखी हवं.

१४ जुलै, सोमवार

लॉर्ड्स. २२ धावांनी गेली. जाडेजा एका टोकाला १८१ चेंडू उभा, नाबाद ६१. सिराजनं चेंडू बरोबर बॅटच्या मधोमध घेतला, तो खाली पडला, फिरून मागे गेला आणि एक बेल पडली. सिराज तिथेच ओणवा बसला. काही लिहावंसं वाटत नाही.

१८ जुलै, शुक्रवार

अण्णा भाऊ साठेंची पुण्यतिथी. १९६९ साली गेले. सबाथचा पहिला अल्बम त्याच वर्षी ऑक्टोबरात एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला.

लोक विचारतात, तू असलं इंग्रजी किंचाळणं कसं ऐकतोस. मी सांगतो, मला ते अण्णा भाऊंकडून कळलं. वाटेगावहून चालत मुंबईला आलेलं पोर, गिरणीत राबलेलं, शाळेत न बसलेलं. १९४४ साली त्यांनी, अमर शेखांनी आणि गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं. अमर शेखही बार्शीच्या गिरणीतला कामगार. डफ, तुणतुणं आणि आवाज. कामगार मैदान, नरे पार्क, गिरण्यांची दारं. आजोबा सांगायचे, शेख गायला लागले की मागच्या रांगेतलं पोर दचकून रडायचं. म्हणजे आवाज मोठाच होता. मोठा आवाज लागतोच, कारण समोरच्या माणसाच्या कानात दिवसभराचे साचे घुमत असतात. त्याच्यापर्यंत पोचायचं तर साच्यावर मात करायला हवी. ॲस्टनलाही तेच. दिवसभर लोखंडावर घण ऐकणाऱ्याला संध्याकाळी बासरी ऐकू येत नाही.

फरक एक आहे आणि तो मला सलतो. आयॉमीकडे ॲम्प्लिफायर आला, कंपनी आली, तबकडी आली, जग आलं. अण्णा भाऊंच्या कलापथकाचा जिवंत कार्यक्रम जसा मैदानात झाला तसा ऐकायला आज काय उरलंय? मैनेची छक्कड प्रत्येक पिढीनं आपापल्या गळ्यानं गायली म्हणून जगली. नव्या पोरांनी ती इलेक्ट्रिक गिटारवर घ्यावी. बिघडणार काही नाही. त्या छक्कडीत बळ आहे, ती कुठल्याही वाद्याला पुरून उरेल.

२३ जुलै, बुधवार

ओझी गेला. काल रात्री झोपायच्या बेतात असताना बातमी आली. शहात्तर. कार्यक्रमाला अडीच आठवडेही झाले नव्हते.

आज सगळीकडे वटवाघळाचीच गोष्ट. डे मॉईनला स्टेजवर फेकलेलं वटवाघूळ त्यानं रबरी समजून चावलं, ती तारीख २० जानेवारी १९८२. आमचा संप सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. माणूस पन्नास वर्षं गायला आणि लोकांना आठवतं एक वटवाघूळ. मला आठवतं ते धोबीतलावचं रंगभवन. इंडिपेंडन्स रॉकच्या रात्री. स्टेजवर मुंबईची पोरं, वांद्र्याची, माहीमची, डोंबिवलीची, आणि कुणी ना कुणी सबाथ वाजवणारच. पायऱ्यांवर आम्ही परळची चार टाळकी, काळे टीशर्ट लालबागच्या मार्केटमधले, वर हातानं रंगवलेलं नाव. इंग्रजी शब्द निम्मे कळायचे. ठोका पुरा कळायचा. कुणी विचारलं नाही की कुठल्या शाळेतला, कुठल्या चाळीतला. १९८० साली द पोलिससुद्धा याच रंगभवनात वाजून गेले होते. मग कोर्ट, इस्पितळ, कॉलेज जवळ म्हणून शांतता क्षेत्राचा नियम आला आणि रंगभवन मुकं झालं. रुग्णाला शांतता हवी, हे माझ्याइतकं कोण जाणतं. पण त्या पोरांना दुसरी जागा द्यायला हवी होती. आता मोठे कार्यक्रम होतात महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, नाही तर नेरूळला डी. वाय. पाटीलमध्ये, आणि तिकिटाला महिन्याचा पगार जातो.

ओझीनं चाहत्यांचा निरोप घेतला आणि मग गेला. इतकं नीट जाणं क्वचित कुणाला जमतं.

२४ जुलै, गुरुवार

पंत मोडक्या पायानं फलंदाजीला उतरला. ओल्ड ट्रॅफर्डच्या जिन्याचे कठडे धरत एकेक पायरी. काल वोक्सचा चेंडू बुटावर बसला होता; सूज बघूनच मी म्हटलं होतं, पायाच्या मधलं हाड गेलं. तरी आज अर्धशतक पुरं केलं. एक्स-रेवाला म्हणून मला हे अजिबात मान्य नाही. फॅन म्हणून उभा राहून टाळ्या वाजवल्या.

३१ जुलै, गुरुवार

काल ओझीची अंत्ययात्रा बर्मिंगहॅममधून गेली. ब्रॉड स्ट्रीटवर हजारो माणसं, सबाथच्या नावाच्या पुलाजवळ फुलांचा खच, आणि पुढे स्थानिक ब्रास बँड सबाथचीच गाणी वाजवत. बघताना लालबागचे रस्ते डोळ्यांपुढे आले. आपल्या माणसाला वाजवत निरोप द्यायचा, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

आमच्याकडे गणपतीची तालीम सुरू झाली. भाचा बेंजो पार्टीत आहे. लालबाग-परळचा बेंजो म्हणजे आडवी पेटी, तारांवर टाइपरायटरसारखी गोल बटणं, डाव्या हातानं दाबायची, उजव्यानं पट्टी मारायची, आणि आवाज पिकअप लावून थेट ॲम्प्लिफायरला. म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच की! रात्री तालमीच्या खोलीत गेलो, त्याला ‘आयर्न मॅन’ची सुरावट ऐकवली. “मामा, परत लाव.” परत लावली. मग त्यानं बटणांवरून शोधली, हळूहळू, एक सूर चुकला, मागे गेला, सापडला. ढोलवाल्यानं वर ताशाची तरी टाकली. आयॉमी ते सूर खेचून नेतो तसं बटणांवर येत नाही, म्हणून पोरानं प्रत्येक सूर दोनदा थरथरवला. निराळंच झालं ते. पण जड झालं. ऑक्टोपॅडवाला म्हणाला, “आगमनाला घेऊ या.” मी हो म्हणायच्या आत त्यांनी ठरवूनही टाकलं.

४ ऑगस्ट, सोमवार

ओव्हल, सहा धावांनी! इंग्लंडला आज ३५ हव्या होत्या, चार गडी शिल्लक. तासाभरात खेळ संपला. शेवटी वोक्स एक हात गळपट्टीत अडकवून स्वेटरखाली दडवून उतरला, एकही चेंडू खेळला नाही, पण धावताना प्रत्येक पावलाला त्याचा चेहरा पिळवटत होता. खांदा निखळलेला माणूस कसा चालतो ते मी रोज बघतो. त्याला सलाम.

साडेचारच्या सुमाराला आमच्या खात्याबाहेरच्या बाकावर एका फोनभोवती दहा-बारा डोकी. वॉर्डबॉय, दोन सिस्टर, प्लास्टरमधले पेशंट, एक हवालदार आरोपीला मेडिकलला घेऊन आलेला. आरोपीसुद्धा वाकून बघत होता. सिराज धावत आला, यॉर्कर, ॲटकिन्सनची ऑफ यष्टी गेली. ओरडायचं नाही म्हणून सगळ्यांनी तोंडावर हात दाबले आणि एकमेकांना मिठ्या मारल्या. हवालदारानं दोघांना मारल्या.

मालिका २-२. सिराज पाचही कसोट्या खेळला. १८५ षटकांवर. तेवीस बळी. लॉर्ड्सला जो ओणवा बसला होता तोच. काल ब्रूकचा झेल घेऊन सीमारेषेवर पाय पडला, ब्रूकनं पुढे शतक ठोकलं, आणि आज त्यानंच सामना काढला. हैदराबादच्या रिक्षावाल्याचा पोर. बुमराह नसला की त्याची गोलंदाजी वाढते हे आता निवड समितीनं मान्य करावं आणि त्याला दुय्यम म्हणणं थांबवावं. आणि आता त्याला सुट्टी द्या. महिनाभर कुणी त्याच्या हातात चेंडू देऊ नका.